आईची झडप

३ मार्च, सोमवार

आईचं हृदय गळतं. आज पडद्यावर पाहिलं. दर ठोक्याला निळ्या-लाल रंगाची एक चिळकांडी उलटी मागे. डावीकडची झडप नीट मिटत नाही, त्यामुळे पुढे जायचं रक्त परत फुप्फुसांकडे येतं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आडवं झोपता येतं का यांना?" मी म्हटलं, तीन उशा लागतात. आई म्हणाली, "दोन. हिला मोजता कधी आलंच नाही."

तीनच लागतात. उशा मी लावते.

वर्षभर धाप लागत होती. पण तेव्हा कारण वेगळं होतं — मी जिना नीट झाडत नाही, धुळीने तिला दम लागतो. आज गाडीत बसल्यावर तिने स्वतःचा रिपोर्ट स्वतः वाचला. अडतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची अकरा मेट्रन. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी तिच्या हॉस्पिटलमधल्या सिस्टर तिला पाहून उठून उभ्या राहतात. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालून माझ्याकडे दिली. "हरवू नकोस."

दादाला फोन केला. तो परदेशात. म्हणाला, "तू आहेस ना तिथे, मग मला काळजी नाही." त्याला कधीच नसते.

४ मार्च, मंगळवार

ऑपरेशन करावं लागणार. हे कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहिते — ऐकून मला भीती वाटली नाही.

८ मार्च, शनिवार

सर्जनला भेटलो. किडकिडीत माणूस, आवाज अगदी हळू. झडपेला दोन पडदे असतात म्हणाला, पडद्यांना खालून दोऱ्या. आईच्या दोन दोऱ्या तुटल्यात, म्हणून एक पडदा ताणला न जाता उलटा फडफडतो. जास्तीचा तुकडा कापायचा, नव्या दोऱ्या लावायच्या, कडेला एक रिंग शिवायची. मग हृदय सुरू करून बघायचं. गळत असेल तर पुन्हा थांबवायचं आणि पुन्हा शिवायचं. नाहीच जमलं तर झडप काढून दुसरी.

मला सगळं कळलं. माझं काम तेच आहे. दातांच्या लॅबमध्ये वीस वर्षं कवळ्या करते आहे. मेणात दात बसवा, चावा जुळतो का बघा, नाही जुळला तर मेण वितळवा आणि पुन्हा. फरक इतकाच की माझी कवळी चुकली तर कुणी मरत नाही.

"धोका किती?" मी विचारलं. शंभरात दोघं-तिघं जातात म्हणाला. यांचं वय सहासष्ट, मूत्रपिंडं जरा कमजोर — चार धरा. मी पुन्हा विचारलं, "चार?" त्याला वाटलं मी घाबरले. पाण्याचा ग्लास पुढे केला. "अहो, शहाण्णव वाचतात."

मी त्या चारांचाच विचार करत होते. आणि आई माझ्याकडे बघत होती.

आधी दात दाखवायला सांगितले आहेत. तोंडात किडलेलं काही असलं तर तिथले जंतू रक्तातून नव्या शिवणीवर जाऊन बसतात म्हणे. आईने आयुष्यात दाताचा डॉक्टर पाहिलेला नाही.

१२ मार्च, बुधवार

चार दात काढले. वरचे. दोन पुढचे, दोन त्यांच्या शेजारचे.

आई घरी कापसाचा बोळा चावून खुर्चीत बसून होती. मी तीनदा खोलीत डोकावले. काळजी म्हणून नाही. बघावंसं वाटत होतं म्हणून.

आता तिला 'स' म्हणता येत नाही. "शूप गार झालंय. शाधं शूप शुद्धा येत नाही तुला." मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि पोट धरून हसले. बाहेर आले तर ती म्हणाली, "हश. हश तू."

तिला ऐकू सगळं येतं.

१९ मार्च, बुधवार

जखम भरते आहे. दाताचे डॉक्टर म्हणाले, तात्पुरती प्लेट करून द्या, जेवता येईल, अंगात ताकद येईल. ठसा त्यांनी घेतला, प्लेटचं काम माझ्याच लॅबला आलं. मालक म्हणाले, "तुझ्या आईचं काम, तूच कर. जीव ओतून कर."

घरी सांगितलं. आई म्हणाली, "तू करणार? तुझ्या हाताला घाम येतो." मग जरा थांबून, "म्हणून तर कुणी धरला नाही."

तेरा वर्षं झाली. ठरलं होतं माझं. माणूस चांगला होता, घड्याळं दुरुस्त करायचा, कमी बोलायचा. तारीख निघाली होती. त्याच्या आईने माझ्या आईला सहज फोन केला, मुलीला काही आजार वगैरे? आई म्हणाली, "लहानपणी फिट आली होती." एकदा. दोन वर्षांची असताना, तापात. तापातल्या फिटने पुढे काहीही होत नाही हे मेट्रनला ठाऊक नव्हतं? पण नर्सच्या तोंडून आलेलं वाक्य. चार दिवसांत त्यांनी नकार कळवला. मी विचारलं तर म्हणाली, "खरं तेच सांगितलं. खोटं बोलायचं होतं का?"

तेव्हापासून मी तिच्याशी नीट बोलते, नीट वागते. वेळेवर औषधं देते.

२२ मार्च, शनिवार

प्लेट झाली. देखणी झाली. दातांचा रंग तिच्या उरलेल्या दातांशी असा जुळवलाय की ओळखू येऊ नये. पॉलिशही मीच केलं.

आतल्या बाजूला, टाळूकडे, एक बारीक टोक होतं. बोट फिरवलं की लागत होतं. घासायला अर्धं मिनिट पुरलं असतं. घासायची फिरकी हातात होती, चालू होती.

बंद केली.

टोक तसंच ठेवून प्लेट डबीत घातली.

२४ मार्च, सोमवार

आईने प्लेट घातली. आरशात पाहिलं. म्हणाली, "घोड्याचे दात." पण 'स' येतो आता. सकाळपासून सतरा सूचना झाल्या.

काढत नाही तोंडातून. मला वाटलं होतं तासाभरात भिरकावून देईल.

२७ मार्च, गुरुवार

टाळूला फोड आला आहे. आतून लाल, मधे पांढरा. आज ऑपरेशनच्या आधीची शेवटची तपासणी होती, दाताच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "अहो, हे टोक राहिलंय. तीन-चार दिवस रुतत असणार." मग आईला म्हणाले, "दुखत नव्हतं का? सांगायचं नाही का?"

सर्जनला फोन गेला. तोंडात जखम असताना छाती उघडणार नाही म्हणाला. ३१ मार्चची तारीख रद्द. ९ एप्रिल. तोवर धाप वाढली तर काय, ते कुणी बोललं नाही.

आई डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "हिने केली होती."

वाटभर विचार करत होते. कशासाठी म्हणाली? माझं नाव सांगत होती की दुसरंच काही?

घरी आल्यावर मी ते टोक घासलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

पाय सुजलेत. चार उशा. ती आता बसूनच झोपते. मला बघवत नाही. आणि त्याच वेळी मोजते — शंभरात चार. आता पाच धरायचे का?

८ एप्रिल, मंगळवार

आई भरती झाली. संध्याकाळी सहाला मला घरी पाठवलं. त्याआधी तिने वॉर्डातल्या सिस्टरला चादरीचा कोपरा कसा दुमडतात ते शिकवलं, सलाईनच्या स्टँडचं चाक करकरतं म्हणून तक्रार केली, आणि मला म्हणाली, "माझं काही झालं तर कपाटातल्या साड्या तू नेसू नकोस. तुला रंग कळत नाहीत. वाटून टाक."

प्लेट काढून माझ्या हातात दिली. ऑपरेशनला कवळी चालत नाही. दातांशिवाय ती लहान दिसते. ओठ आत गेले की ती कुणाचीही आई वाटते.

"जा आता," म्हणाली. "उभी काय राहिलीश."

मी गेले.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी साडेसातला आत नेलं. बाहेर खुर्च्या हिरव्या, भिंतीवर घड्याळ. दादाचे चार फोन. वहिनीचा एक.

दहाच्या सुमाराला एक टेक्निशियन बाहेर आला, कुणाला तरी म्हणाला, "पंपावर गेली." म्हणजे माझ्या आईचं हृदय थांबलं. थांबवलं. आत एक यंत्र तिचं रक्त फिरवत होतं. मी घड्याळाकडे बघत बसले. अशा वेळी लोक हात जोडतात. मी जोडले नाहीत. मनात एकच वाक्य येत होतं, ते इथे लिहिते — आता सुरूच झालं नाही तर?

मी ते वाक्य हाकलून दिलं नाही. फिरू दिलं.

पावणेएकला सर्जन आला. मास्कचा वळ गालावर. "दुरुस्त झाली. बदलायची वेळ आली नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडी गळत होती, पुन्हा थांबवून एक टाका घातला. आता थेंब नाही." माझे गुडघे लटपटले. त्याने मला धरून खुर्चीत बसवलं. "आनंदाने होतं असं," म्हणाला.

आनंदाने नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार

नळी काढली. बोलते आहे, पण भलतंच. छताकडे बोट दाखवत होती — पाळणे लटकवलेत, बावीस होते, एकवीस कसे? कुणी मोजलं नाही? मला म्हणाली, "तू कोण? नातेवाइकांना इथे मनाई आहे." हात बांधायला लागले, नाहीतर छातीतल्या नळ्या ओढत होती.

तिथल्या तरुण डॉक्टरने समजावलं, पंपावरून आलेल्यांना होतं असं, दोन-चार दिवस भ्रम राहतो. बरळतील, मनावर घेऊ नका. नंतर त्यांना यातलं काहीही आठवत नाही.

चष्मेवाली सिस्टर आहे तिथे, दिवसपाळीची. डोळ्यांत तेल घालून बघते. आईला 'मेट्रन' म्हणते.

११ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी पाचला वीस मिनिटं सोडतात. गेले. हात सोडलेले होते. मला पाहून आई म्हणाली, "छकुले, ये."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

छकुली? मला आयुष्यात या बाईने 'अगं ए' आणि 'कार्टे' सोडून हाक मारलेली नाही. दादा 'राजा' होता. मी कॉटजवळ गेले. तिने सुई टोचलेला हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. "उभी राहून पाय दुखले अशतील तुझे. बश."

मग बोलत राहिली, हळूहळू, दातांशिवाय. मी झाले तेव्हा आठव्या दिवशी ती ड्यूटीवर गेली होती. वॉर्डातल्या बायकांच्या बाळांना आंघोळ घालायची आणि घरी शेजारीण मला बाटलीने दूध पाजायची. "दुशऱ्यांची पोरं हातात घेऊन घेऊन हात भरून गेले. घरी आल्यावर तुला घ्यायला हातच उरायचे नाहीत."

बाहेर येऊन हिरव्या खुर्चीत बसले आणि रडले. भ्रमातली बाई. पण मी कोण, माझा जन्म, सगळं बरोबर होतं. डोकं फिरल्याशिवाय तिला हे जमलं नसतं, तर फिरलेलंच राहू दे.

१२ एप्रिल, शनिवार

आज जे केलं ते लिहायलाच हवं.

पाचला गेले. पुन्हा "छकुले". पुन्हा मनगटावर हात, हळूहळू फिरणारा. म्हणाली, "प्लेट छान केली होतीश तू. तुझे हात चांगले आहेत."

चांगले आहेत! एक्केचाळीस वर्षांनी. आणि तेही शुद्धीत नसताना. माझ्या आत काहीतरी उसळलं. उद्या-परवा ती ताळ्यावर येईल आणि हे सगळं पुसून जाईल, पुन्हा घाम, पुन्हा घोड्याचे दात. हिने फुकटात गोड व्हायचं, आणि मी ते जन्मभर जपून ठेवायचं? नाहीतरी आठवणार नाही. मग माझंही होऊन जाऊ दे.

मी वाकले. तिच्या कानाशी बोलले. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"टोक मी मुद्दाम ठेवलं होतं. तुला टोचावं म्हणून. तू टेबलावरच जावीस असं मला वाटत होतं. बाहेर बसून मी त्याचीच वाट बघत होते. सर्जन म्हणाला वाचली, तेव्हा माझे पाय गेले, कारण आता अजून वीस वर्षं तू. माझं लग्न तू मोडलंस. रोज रात्री तुझ्या उशा लावताना मी एकदा तरी म्हणते, मर."

मनगटावरचा हात थांबला. काढला नाही. नुसता थांबला.

मग तिने छताकडे पाहिलं. म्हणाली, "आज ड्यूटीवर कोण आहे? पाळणे मोजले का?"

मी म्हटलं, मोजले. बावीस आहेत.

"बरं झालं," ती म्हणाली. आणि डोळे मिटले.

बाहेर आले तेव्हा अंग पिसासारखं हलकं झालं होतं. भूक लागली होती. कँटीनमध्ये दोन सँडविच खाल्ली.

१३ एप्रिल, रविवार

आई ताळ्यावर आली. वॉर्डात हलवलं. प्लेट परत घातली. मी विचारलं, "आयसीयूमधलं काही आठवतं का?" म्हणाली, "काही नाही. बुधवारपासून सगळं कोरं आहे."

सुटले.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल घरी आणलं. छातीवर लांब शिवण, खोकताना उशी घट्ट धरायला सांगितलंय. जिना चढली. एकदाच थांबली. धुळीचं काही बोलली नाही.

सूप दिलं, गार झालं होतं. पूर्ण संपवलं. वाटी देताना म्हणाली, "थँक यू."

२२ एप्रिल, मंगळवार

दादाला सांगितलं, आई बदलली. टोमणा नाही, सूचना नाही. काही हवं असलं तर विचारते, "तुला वेळ आहे का?" दादा हसला. "झडपेबरोबर तोंडही दुरुस्त केलं की काय सर्जनने? जास्तीचा तुकडा कापला असणार." मीही हसले. दहा दिवसांत तिने एकदाही 'अगं ए' म्हटलेलं नाही. काहीच म्हणत नाही. माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात करते, की मग मला कळतं मला म्हणते आहे.

उशा स्वतः लावते. एकच लागते आता.

३० एप्रिल, बुधवार

रिटायर झालेल्या नर्सना राहायला एक जागा आहे, गावाबाहेर, झाडीत. आईने तिथला फॉर्म मागवला. भरलासुद्धा. मला टेबलावर दाखवला, जवळच्या नातेवाइकाची सही लागते. "तू मोकळी होशील," म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य! मी विचारलं, "खरंच जायचंय?" म्हणाली, "तिथे माझ्या ओळखीच्या आहेत. तुला त्रास नको."

मी सही केली. दोन वेळा विचारायला हवं होतं. एकदाच विचारलं.

संध्याकाळी तिच्या खोलीच्या खिडकीचं माप घेतलं. पिवळे पडदे लावणार. तिला पिवळा आवडत नाही.

९ मे, शुक्रवार

महिन्याची तपासणी. त्याच पडद्यावर पाहिलं — रंग सगळे पुढे जातात, मागे एक ठिपकासुद्धा येत नाही. झडप उघडते, मिटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्यासारखी. आई म्हणाली, "छान काम केलंय." सर्जनला उद्देशून असावं.

सोमवारी जाणार ती. बॅग भरून झाली. एवढी छोटी बॅग. तिकडच्या लोकांना डिस्चार्जचा कागद हवाय, त्याची प्रत उद्या हॉस्पिटलमधून आणते.

१० मे, शनिवार

कागद मिळाला. जिन्यात चष्मेवाली सिस्टर भेटली. "मेट्रन कशा आहेत? काय बाई आहेत हो! ऑपरेशननंतरच्या शुक्रवारी सकाळी मी त्यांना तपासलं, शंभरातून सात-सात वजा करा म्हटलं, तर न चुकता दोनपर्यंत खाली आल्या. भ्रम संपला असं मी लिहायला लागले, तर माझा हात धरला. म्हणाल्या, लिही, पण माझ्या मुलीला सांगू नकोस. ती आली की मी थोडं बरळणार आहे. शुद्धीत असताना मला तिच्याशी गोड बोलताच येत नाही."

मग हसून तिने विचारलं, "झालं का मायलेकींचं बोलणं?"

मी म्हटलं, हो. झालं.